बांधावरच्या चिखलातली चकती : एका लहानशा धातूच्या वस्तूची ओळख

वस्तू अशी : व्यास साधारण १८ मिलिमीटर, जाडी जेमतेम २ मिलिमीटर, वजन ३.४२ ग्रॅम. रंग राखाडी, त्यावर पांढुरके खरखरीत कवच. एका बाजूला चाक उठलेले दिसते. मधला तुंबा ठळक आहे, सहा आरे नीट मोजता येतात आणि उरलेल्या जागेवर कवच चढले आहे. दुसरी बाजू खूप झिजलेली. तिरपा उजेड पाडला की वरच्या अंगाला मुकुटासारखा आणि खाली ढालीसारखा उंचवटा कळतो. काठ एकसारखा गोल नाही. एका जागी तो कापल्यासारखा सपाट आहे, आणि तिथून दोन्हीकडे काठाच्या मधोमध एक बारीक धार धावते.

ही चकती सापडली डिचोली तालुक्यातल्या मांडवीकाठच्या एका गावात, दिवाडी बेटाच्या समोर. शोधणारा तरुण कांदोळीला एका दुकानात नोकरी करतो. पहाटे मेटल डिटेक्टर घेऊन किनाऱ्यावर फिरतो; पर्यटकांच्या हरवलेल्या अंगठ्या, कानातली, सुटे पैसे शोधतो. मे महिन्यात तो मावशीच्या गावी आला. तिथे पावसाआधी खाजनाच्या बांधाची डागडुजी चालली होती. बांधावर नुकत्याच टाकलेल्या चिखलाच्या ढिगावर त्याने यंत्र फिरवले, तेव्हा हे हाती लागले. गावात लगेच चर्चा सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी तो ती चकती माझ्याकडे घेऊन आला. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत होतो आणि जुन्या नाण्यांचा मला नाद आहे, एवढे त्याला मावशीकडून कळले होते.

‘‘सर, हे सुदर्शन चक्र असणार. कोणाच्या तरी गळ्यातला ताईत,’’ हे त्याचे पहिले मत. गावातल्या लोकांचे मत वेगळे आणि जास्त उत्साहाचे होते. शेजारी नार्व्याला सप्तकोटेश्वराचे देऊळ. सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंबांचे कुलदैवत, आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये ज्याच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली तेच हे देऊळ. तेव्हा ‘कदंबांचे नाणे’ ही बातमी चहाच्या दुकानापर्यंत जायला वेळ लागला नाही. आणखी कोणी म्हणाले, अशोकचक्र आहे, पोलिसाच्या गणवेशाचे बटण असेल. एका मासेमाराला ते जाळ्याचे वजन वाटले.

या सगळ्या तर्कांत एक गोष्ट समान होती. मासेमार सोडला तर प्रत्येकाने सुरुवात चित्रापासून केली. चाक दिसले, आणि ज्याच्या मनात जे चाक होते ते त्याने वस्तूवर बसवले. माझा आग्रह नेमका उलट आहे : चित्र शेवटी पाहायचे. आधी ती वस्तू कशाची आहे, कशी बनवली आहे आणि कुठून आली आहे ते ठरवायचे. चित्राची झीज होते, चित्राची नक्कल होते आणि चित्र पाहणारा आपल्या इच्छेने ते पुरे करतो. धातूच्या घनतेचे तसे होत नाही.

जागेने काय सांगितले

फार थोडे, आणि ते थोडेपणही लक्षात घ्यायला हवे. खाजन म्हणजे खाडीच्या भरतीपासून बांध घालून राखलेली जमीन. मानस म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारांतून पाणी आत-बाहेर सोडतात. बांध दर काही वर्षांनी चिखलाने भरून काढावा लागतो, आणि तो चिखल जवळच्याच पात्रातून किंवा खड्ड्यातून उचलतात. त्यामुळे चकती जिथे सापडली तिथे ती पडली नव्हती. तिला तिथे आणून टाकले होते. मी त्या ढिगाजवळ जाऊन पाहिले तेव्हा त्यात तिसऱ्यांचे शिंपले, निळ्या नक्षीच्या चिनी मातीच्या भांड्याचे दोन तुकडे आणि मंगळुरी कौलांचे पुष्कळ तुकडे होते. मंगळुरी कौल बासेल मिशनच्या कारखान्यातून १८६५ पासून निघू लागले. म्हणजे हा ढीग मिश्र होता. त्यातल्या चिनी मातीच्या तुकड्यावरून चकतीचे वय सांगणे जेवढे चूक, तेवढेच कौलाच्या तुकड्यावरून ती अलीकडची म्हणणे चूक.

यंत्रानेही फारशी मदत केली नाही. गोव्याची चिऱ्याची तांबडी जमीन लोहाच्या ऑक्साइडने भरलेली असते आणि साध्या डिटेक्टरला ती स्वतःच धातूसारखी ‘ऐकू येते’. खाजनाच्या चिखलात त्यात खारेपणाची भर पडते. यंत्राचा जमिनीशी मेळ पुन्हा पुन्हा बसवावा लागतो. मांडवीतून वर्षानुवर्षे लोहखनिजाच्या बार्ज गेल्या, तेव्हा काठावर लोखंडाचे तुकडे आणि खनिजाची भुकटी विपुल. या मुलाच्या यंत्राने जो आकडा दाखवला तो मधला होता. बीअरच्या डब्याची कडी साधारण तिथेच येते. त्या आकड्यावर विसंबून तो पुढे गेला असता तर ही वस्तू पुढच्या पावसात बांधाच्या पोटात गेली असती. त्याने खणून पाहिले, हे त्याचे कौतुक.

कवच मात्र बोलके होते. ते धातूवर बसलेले नव्हते, धातूतूनच उगवलेले होते. भिंगाखाली पाहिले की पांढऱ्या थरात राखाडी धातू खोलवर कुरतडल्यासारखा दिसे. असे कवच दोन-चार वर्षांत तयार होत नाही.

धातू

इथे जरा थांबून सांगतो, कारण ओळखीचा सगळा भार याच टप्प्यावर आहे, आणि हा टप्पा घरच्या घरी करता येतो.

आधी चुंबक. चकती हलली नाही. लोखंड, पोलाद बाद.

मग घनता. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्यायचा. वस्तू कोरडी तोलायची. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणायचा, वस्तू बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल अशी लोंबत धरायची. ती तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. आता काटा जो आकडा दाखवतो तो तिने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन, म्हणजे घनसेंटिमीटरमधले तिचे आकारमान. पृष्ठभागाला चिकटलेले बुडबुडे मऊ कुंचल्याने आधी काढायचे, नाहीतर उत्तर बिघडते. आमच्या चकतीचे आकारमान ०.४८ आले. ३.४२ ला ०.४८ ने भागले की ७.१ येतात. एवढ्या लहान वस्तूत काट्याचा शेवटचा अंक इकडेतिकडे झाला तरी उत्तर सुमारे ७.० ते ७.३ यांच्या दरम्यानच राहते.

शिशाची घनता ११.३, चांदीची १०.५, तांब्याची जवळपास ९, पितळेची साडेआठच्या आसपास, ॲल्युमिनियमची २.७. या सगळ्या एका फटक्यात गेल्या. जाळ्याचे वजन शिशाचे असते आणि त्याला दोर ओवायला भोक असते. इथे दोन्ही नाही. कदंबांच्या ज्या नाण्यांसाठी लोक आशेने आले होते ती सोन्याची, सिंहाचे चिन्ह असलेली आणि ‘सप्तकोटीश’ असा लेख कोरलेली. सोन्याची घनता १९ च्या वर. गावकऱ्यांना हे सांगताना मला वाईट वाटले, पण संशयाला जागाच नव्हती.

उरले दोनच धातू : कथील, ७.३, आणि जस्त, ७.१. दोघांत निवड करायला घरचा काटा पुरेसा नाही. आम्लाचा थेंब टाकला तर जस्त फसफसते, पण तो प्रयोग वस्तूवर करायचा नसतो. मुलाने मात्र येण्याआधीच काठाचा एक कोपरा चिंचेने घासला होता, घरात पितळेची समई घासतात तसा. तिथले कवच गेले होते आणि धातू उघडा पडला होता. आणखी घासू नकोस एवढेच त्याला सांगितले आणि तो उघडा कोपरा कामाला लावला.

सोन्याचे कॅरेट तपासणाऱ्या केंद्रांत क्ष-किरणांचे यंत्र असते. वस्तूला धक्का न लावता त्यात कोणती मूलद्रव्ये आहेत ते कळते. म्हापशाच्या एका केंद्राने आमची चकती तपासून दिली. अशा यंत्रांची जुळणी सोन्या-चांदीसाठी केलेली असते, म्हणून जस्ताच्या बाबतीत त्यातल्या टक्केवारीवर मी विश्वास ठेवत नाही. पण कोणते मूलद्रव्य आहे आणि कोणते नाही हे ते खरे सांगते. मुख्य शिखर जस्ताचे होते. सोबत शिसे, स्पष्ट दिसेल इतके. थोडे लोह, जे चिऱ्याच्या मातीतून आले असणार, कारण हे यंत्र फक्त वरचा पातळ थर पाहते.

तर वस्तू जस्ताची. यानंतरची शंका सगळ्यांत महत्त्वाची होती : जस्ताची म्हणजे आजचीच तर नव्हे? जस्ताच्या ओतीव वस्तू आपल्या अवतीभोवती खच्चून भरल्या आहेत. किल्ल्यांच्या साखळ्या, चेनच्या कड्या, खेळण्यातल्या गाड्या, पट्ट्यांची बक्कलं या सगळ्यांचा मिश्रधातू म्हणजे जस्तात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम. म्हापशाचे यंत्र ॲल्युमिनियम धरू शकत नाही. पण काटा धरतो. त्या मिश्रधातूची घनता ६.६ ते ६.७ असते, आमची ७.० च्या खाली उतरत नव्हती. गंजाने घनता कमीच होते, वाढत नाही, तेव्हा मूळ धातू आणखी थोडा जडच असणार. दुसरा पुरावा शिशाचा. आजच्या ओतकामाच्या जस्तात शिसे नावालाही राहू देत नाहीत, कारण ते असले की दमट हवेत वस्तू आतून तडकत जाते. जुन्या जस्तात ते सहज सापडते.

नदीकाठ असल्याने आणखी एक शक्यता तपासायला हवी होती. बार्ज आणि ट्रॉलर यांच्या तळाला गंज रोखण्यासाठी जस्ताचे ठोकळे बसवतात. ते झिजून, तुटून पात्रात पडतात. मांडवीत जस्त सापडले की आधी त्यांचाच विचार करावा. पण तुटक्या ठोकळ्यावर दोन्ही बाजूंनी आकृती उठत नाही. टॉर्चच्या सेलचे डबडेही जस्ताचे असते, पण त्याचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. इथे जाडी त्याच्या चौपट.

काठावरची ती धार आणि सपाट जागा यांचाही उलगडा आता झाला. धार म्हणजे साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथली शिवण. सपाट जागा म्हणजे धातू आत ओतायची नळी तोडल्याची खूण. ठशाने छापलेल्या नाण्याला ही शिवण नसते. बटण असते तर मागे कडी डाखलेली किंवा तिचा मोड दिसला असता. ताईत असता तर ओवायला नाके किंवा भोक लागले असते.

आता चाक

जस्ताची, साच्यात ओतलेली, एका बाजूला चाक आणि दुसऱ्या बाजूला मुकुटाखाली ढाल असलेली, नाण्याच्या आकाराची चकती. इथवर आल्यावर चित्राकडे वळायला हरकत नव्हती.

अशोकचक्राला २४ आरे असतात. या चकतीवर कवचाखालच्या जागेत आणखी दोनाहून जास्त आरे मावत नाहीत. सुदर्शन चक्र म्हणावे तर मागच्या मुकुटाचा अर्थ लागत नाही. पण गोव्यात तिसरे एक चाक आहे, ते आपल्या रोजच्या पाहण्यातले नाही, आणि म्हणून कोणाला आठवले नाही. अफोन्सो द आल्बुकेर्कने आदिलशहाकडून गोवा शहर कायमचे घेतले ते २५ नोव्हेंबर १५१० रोजी. तो सेंट कॅथरिनचा दिवस. या संत स्त्रीला चाकावर घालून मारण्याची शिक्षा झाली होती अशी कथा आहे, त्यामुळे चाक हीच तिची खूण. तेव्हापासून ती गोवा शहराची संरक्षक संत मानली गेली. जुन्या गोव्यातले तिचे चॅपेल त्याच विजयाच्या आठवणीचे, आणि से कॅथेड्रलही तिलाच वाहिलेले. पोर्तुगीज भारताच्या राजचिन्हात तिचे चाक विसाव्या शतकापर्यंत होते. गोव्याच्या टांकसाळीच्या नाण्यांवरही ते आले.

मुकुट आणि ढाल हे पोर्तुगालच्या राजाचे चिन्ह. या दोन्ही बाजू एकत्र आल्या, त्या खालच्या दर्जाच्या धातूत आणि अशा आकारात, की मग उत्तर एकच राहते : बझारूक. पोर्तुगीज गोव्यातले सगळ्यांत हलक्या किमतीचे चलन. १५८३ पासून काही वर्षे गोव्यात आर्चबिशपचा सचिव म्हणून राहिलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाने लिहून ठेवले आहे, की हे सर्वांत छोटे नाणे वाईट कथलाचे आणि ओतीव असते. पुढे कथलाबरोबर जस्ताचाही वापर झाला.

जस्ताबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. जस्त भट्टीत नुसते वितळत नाही, त्याची वाफ होऊन उडून जाते. ती वाफ हवेपासून वाचवून थंड करण्याची युक्ती लागते. ती युक्ती राजस्थानातल्या झावरच्या कारागिरांना शतकानुशतके माहीत होती आणि चीनलाही. युरोपात विल्यम चँपियनने त्याचे पेटंट घेतले ते १७३८ मध्ये. तोवर पोर्तुगीजांना नाण्यांसाठी जे जस्त मिळत होते ते आशियाचेच, आणि मकाववरून चिनी जस्त जहाजांनी गोव्यात उतरत होते. म्हणजे या चकतीचा धातू बहुधा चीनचा, मुकुट पोर्तुगालचा आणि चाक इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या संत स्त्रीचे. वापरणारा मात्र इथलाच, भाजी-मासे घेणारा. काळ सतरावे ते अठरावे शतक एवढाच मी देतो. झिजलेल्या बाजूवर राजाचे नाव वाचता येत नाही, आणि आरे मोजून राजा ठरवण्याचा मोह मी करणार नाही.

नाणे सापडले ते गोवा शहराच्या पलीकडच्या तीरावर, हेही मला महत्त्वाचे वाटते. डिचोली पोर्तुगीजांकडे गेली अठराव्या शतकाच्या अखेरीला. त्याआधी मांडवीचा हा काठ आदिलशाहीचा, मग मराठ्यांचा, सावंतांचा. नकाशावर ही सरहद्द होती, लढायाही झाल्या. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने जवळचेच जुवे बेट घेतले होते. पण सुटे पैसे सरहद्द पाळत नाहीत. भाजी, नारळ, मासळी, भात रोज होडीतून पलीकडे जाई आणि चिल्लर परत येई. एका टांग्याला, म्हणजे तिथल्या मोठ्या चलनाला, किती बझारूक, हा भाव बदलता असे. शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर सराफ मोड द्यायला बसत. त्यातले एक नाणे होडीत चढता-उतरताना कोणाच्या हातून निसटले असेल. राजवाड्यातल्या सुवर्णनाण्यापेक्षा या चकतीला माझ्या लेखी जास्त मोल आहे ते यामुळे, आणि हे मी त्या मुलाला मनापासून सांगितले. त्याचा चेहरा थोडा उतरला होता. बाजारात याची किंमत फार नाही, हे त्याला कळले होते.

पुढची कारवाई

बाजाराच्या किमतीचा प्रश्न तसाही निकालात निघतो. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ चा आहे आणि तो आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे : काय सापडले, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख. दहा रुपये ही रक्कम आज वाचताना किरकोळ वाटते, पण त्यामुळेच जवळजवळ प्रत्येक जुने नाणे कायद्याच्या कक्षेत येते. शिवाय शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. कांदोळीला परदेशी गिऱ्हाइके ‘जुने काही आहे का’ म्हणून विचारतात. त्यांना काय उत्तर द्यायचे ते यावरून ठरते.

अर्ज आम्ही दोघांनी बसून मराठीत लिहिला. बांधाची देखभाल करणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघटनेचे नाव त्यात घातले, कारण जागा त्यांची. एक प्रत पणजीच्या पुरातत्त्व खात्यासाठी. सोबत काट्याची नोंद, यंत्राचा कागद आणि छायाचित्रे. छायाचित्रे अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा उजेड चारी बाजूंनी तिरपा टाकून काढली. समोरून झगझगीत प्रकाशात काढलेल्या फोटोत मुकुट मुळीच दिसत नव्हता.

एक इशारा मी त्याला दिला. हा काठ ठीक, पण नदी ओलांडून जुन्या गोव्यात यंत्र घेऊन पाऊलही टाकायचे नाही. तिथली चर्च आणि मठ १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, आणि संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामालाही मनाई, पुढे आणखी दोनशे मीटरपर्यंत त्यावर निर्बंध असतात. तिथल्या मातीतली प्रत्येक वस्तू आपल्या थरात असते. ती उपटून काढली की आमच्या बांधावरच्या चकतीचे झाले तेच तिचे होते : वस्तू हाती, पत्ता गेला.

खात्याकडे सोपवेपर्यंत चकती आम्ही आम्लरहित कागदात गुंडाळून, ओलावा शोषणाऱ्या सिलिकाच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवली. नाण्यांच्या मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत ती ठेवू नये; त्यातून सुटणारे आम्ल जस्ताला खाते. सागवानी पेटीही टाळावी, लाकडाच्या वाफाही त्याला बाधतात. कवच तसेच ठेवले. त्याखाली उरलेले आरे असतील तर ते प्रयोगशाळेत निघतील.

मुलाने संघटनेच्या अध्यक्षांना भेटून एक विनंती केली आहे, आणि त्यांनी ती मान्य केली. पुढच्या उन्हाळ्यात बांधाचे काम निघेल तेव्हा चिखल कुठल्या खड्ड्यातून उचलला आणि बांधाच्या कुठल्या टप्प्यावर टाकला, याची नोंद तो गाड्यागणिक वहीत ठेवणार आहे.